पाणी मारणे (ऐच्छिक)

“पानी न पिलेल्या भिताडाला पाठ देऊ नाय, बाई,” असं भागूबाई म्हणाली होती, आणि अरफानं ते हसून सोडून दिलं होतं.

यात अरफाची काही चूक नाही. सल्ल्याचं वजन सल्ल्यात नसतं, तो देणाऱ्याच्या पदनामात असतं, हे साऱ्या सुसंस्कृत समाजांनी मान्य केलेलं तत्त्व आहे. भागूबाईचं पदनाम होतं ‘मदतनीस, बालवाडी, शेंद्रा’. त्याआधी बावीस वर्षं तिनं बांधकामांवर डोक्यावरून माल वाहिला होता, पण त्याला काही पदनाम म्हणत नाहीत. अरफा समाजशास्त्राची एम.ए. आणि शहरातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अधिव्याख्याती (म्हणजे तास चालू असेपर्यंत प्राध्यापक, घंटा झाली की पुन्हा साधं माणूस). एम.ए. झालेल्या बायका घमेली वाहिलेल्या बायकांचं ऐकायला लागल्या, तर विद्यापीठांना कुलूपच लावावं लागेल.

शिवाय अरफा निष्काळजी होती असं तिचा शत्रूही म्हणणार नाही. तिचा मुलगा रय्यान चार वर्षांचा. त्याला द्राक्षं ती उभी चिरून देई. खेळण्यातल्या बॅटरीचं झाकण चिकटपट्टीनं बंद करी. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघे (तिसऱ्यांदा, जिना उतरून परत वर येऊन). तिचा नवरा तन्वीर शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर होता, म्हणून ते गावातच दोन खोल्यांत राहत, आणि रय्यान गावातल्याच बालवाडीत जाई. बालवाडीचं फाटक, खिडक्यांचे गज, खिचडीतली डाळ, सगळं अरफानं तपासलेलं होतं. भिंत तेवढी राहिली. पण ती तेव्हा बांधलीच गेली नव्हती.

त्या वर्षी महाविद्यालयानं जगातलं दुःख कमी करायचं ठरवलं. ठराव एकमतानं झाला. दुःख नेमकं कुठलं घ्यायचं, यावर मात्र दोन बैठका लागल्या. जवळच्या दुःखात अडचण अशी की त्याला गुण कमी पडतात. मूल्यांकन समितीच्या तक्त्यात जिल्ह्यातल्या समाजकार्याला दोन गुण होते, राज्याबाहेरच्याला पाच आणि परदेशातल्याला वीस. हे वीस गुण जिल्ह्यातल्याच कन्नड तालुक्यात मिळवायचे, तर तिथं शाळेच्या दहा खोल्या बांधाव्या लागल्या असत्या. कन्नडात दहा खोल्यांची गरज होती, पण महाविद्यालयाकडं एकाच खोलीपुरती करुणा शिल्लक होती. तेव्हा जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या एका छावणीत मुलांसाठी वर्गखोली बांधायची, आणि ती विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधायची, असं ठरलं. उपक्रमाचं नाव ‘विश्वबंधू वर्गखोली मोहीम’. प्राचार्य डॉ. राजेंद्र वाघचौरे यांनी नकाशावर जॉर्डन कुठं आहे ते शोधून त्याच दिवशी त्याभोवती लाल वर्तुळ काढलं.

निवडीचे निकष पारदर्शक होते : एक, पासपोर्ट, दोन, करुणा. पासपोर्टची छायांकित प्रत चालणार होती, करुणा मूळ हवी होती. श्रेया नावाची विद्यार्थिनी मुलाखतीत ‘निर्वासित’ हा शब्द उच्चारतानाच रडली, म्हणून तिला गटप्रमुख नेमण्यात आलं. पाचोडहून येणारी राजनंदिनी मात्र म्हणाली, “सर, माझे पप्पा गवंडी आहेत. मला थर लावता येतो, ओळंबा धरता येतो.” तिच्या नावापुढं समितीनं शेरा मारला : ‘विषयाकडे फार तांत्रिक दृष्टीने पाहते.’ शिवाय तिच्याकडं पासपोर्ट नव्हता.

निवडलेल्या बावीस जणांची पाहणी अरफानं केली. तिचे निष्कर्ष मोहिमेच्या अहवालाच्या पान सातवर आहेत. वीट याआधी हातात घेतलेले : तीन (पैकी दोघांनी भांडणात). थापी ओळखणारे : एक (ती केक वाढायची आहे असं त्याचं मत पडलं, म्हणून सुधारित आकडा शून्य). आपल्या हातून जग बदलेल याची खात्री असलेले : बावीस.

अशा मुलांना बांधकाम शिकवायचं तर मार्गदर्शिका हवी. ती लिहायचं काम अरफाकडं आलं, कारण तिचं मराठी शुद्ध होतं, इंग्रजी बरं होतं आणि पुढच्या सत्राच्या तासांचा आदेश अजून निघायचा होता. तिनं काम मनापासून केलं. बांधकामाची पुस्तकं चाळली, राजनंदिनीच्या पप्पांना फोन लावून तासभर पिडलं आणि अकरा पायऱ्या तयार केल्या. पायरी तीन : विटा भिजवणे. पायरी आठ : बांधलेल्या भिंतीवर पाणी मारणे, सकाळ-संध्याकाळ, किमान दहा दिवस.

जाण्याआधी सराव हवा म्हणून महाविद्यालयाच्या दत्तक गावात, म्हणजे शेंद्र्यात, बालवाडीच्या अंगणात हुबेहूब तशीच खोली बांधायचं ठरलं. इथं पाण्याचा प्रश्न आला. गावात त्या महिन्यात टँकर दर तिसऱ्या दिवशी येत होता. शहराची गोष्ट तर सांगायलाच नको. तिथं नळाला पाणी आल्याचा फोन आला की माणूस कार्यालयातून अर्धी रजा टाकून घरी पळतो, आणि साहेबही ती विनाचौकशी मंजूर करतात, कारण त्यांचाही फोन यायचा असतो.

प्राचार्यांनी मार्गदर्शिका वाचली आणि पायरी आठवर त्यांचं पेन थांबलं.

“अरफा मॅडम, दहा दिवस भिंतीला पाणी? इथं माणसांना नाही आणि भिंतीला?”

“सर, नाहीतर सांधे धरत नाहीत. सिमेंट तसंच कोरडं राहतं, त्याची वाळू—”

“पण ही सरावाची भिंत आहे ना? म्हणजे रंगीत तालीम. नाटकाच्या तालमीत कोणी खरंखुरं जेवतं का?”

“नाही सर, पण मुलं तिकडं जाऊन हेच—”

“तिकडचं तिकडं बघू. आणि हो, तुमच्या तासांची फाईल माझ्या टेबलावरच आहे. सहज आठवलं म्हणून सांगितलं.”

अरफानं पाण्याच्या त्या दोन पायऱ्या, तिसरी आणि आठवी, खोडल्या नाहीत. खोडणं तिच्या सदसद्विवेकात बसत नव्हतं. तिनं फक्त दोन्हींपुढं कंसात एक शब्द लिहिला : ऐच्छिक. (कंसाचा हा मोठाच गुण आहे. त्यात काहीही ठेवलं तरी ते सांडत नाही.) आठवड्याभरात तासांचा आदेश निघाला.

सराव देखणा झाला. मुलांनी तीन दिवसांत तीन भिंती उभ्या केल्या. चौथी बालवाडीची होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई आपल्या वाट्याच्या पाण्यातली एक घागर घेऊन आली आणि ओंजळीओंजळीनं भिंतीवर मारू लागली. हा क्षण लगेच टिपण्यात आला (छायाचित्र क्रमांक चौदा, ‘गावाचा उत्स्फूर्त सहभाग’). तिसऱ्या दिवशी तिच्याकडं पाणी उरलं नाही. रिकाम्या हातानं येऊन ती भिंतीकडं बघत उभी राहिली, आणि सुरुवातीला सांगितलेलं वाक्य तेव्हा म्हणाली.

“मावशी, सिमेंट आता पूर्वीसारखं राहिलं नाही,” अरफा म्हणाली.

“सिमिट बदललं आसंल. पानी तर तेच हाय की.”

“बरं बाई, बरं.”

सराव संपल्यावर भिंती पाडायच्या, असं ठरलं होतं. पण पाडण्याची पायरी अकरांत नव्हती, आणि मुलांची विमानाची तारीख जवळ आली होती. गावकऱ्यांनी आयत्या भिंती बघितल्या, वर चार पत्रे टाकले. बालवाडीच्या जुन्या खोलीत पंधरा पोरं एकमेकांच्या मांडीवर बसायची, ती या खोलीत पाय पसरून बसली. कागदोपत्री ही खोली नव्हतीच. पोरांना अजून वाचता येत नसल्यामुळं त्यांना ते कळलं नाही.

जॉर्डनचा दौरा नऊ दिवसांचा होता. प्रवास दोन दिवस, प्राचीन स्थळांना भेटी दोन, मृत समुद्रावर तरंगणं एक (त्यात बुडता येत नसल्यामुळं प्राचार्यही उतरले), उद्घाटन एक. उरलेल्या तीन दिवसांत वर्गखोली झाली. कोनशिला इथूनच नेली होती, कारण तिकडं देवनागरी कोरणारा मिळेलच याची खात्री नव्हती. तिच्यावर तेरा नावं होती, आणि त्या क्रमावरून झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही. विमानाला सामानाची मर्यादा असल्यामुळं कोनशिलेच्या वजनाइतक्या वह्या आणि रंगपेट्या विमानतळावरूनच परत पाठवाव्या लागल्या. वह्या मुलांना कुठंही मिळतात. तेरा नावं कुठून मिळणार?

परतल्यावर सभागृहात स्वागत झालं. श्रेयानं अनुभव सांगितले. ती मनापासून बोलत होती. तिला खरोखरच आनंद झाला होता.

“मॅम, तिथं एक काका होते, इतके गोड! छावणीतलेच. आधी त्यांच्या गावी गवंडी होते म्हणे. ते सकाळीच बादली घेऊन यायचे आणि भिंतीकडं बोट दाखवायचे. आम्हाला वाटलं, हात धुवायला पाणी देतायत! मग आमच्यातल्या अभयनं त्यांच्यासमोर मार्गदर्शिका धरली, इंग्रजीतली, आणि ‘ऐच्छिक’ लिहिलंय तिथं बोट ठेवलं.”

“मग?” अरफानं विचारलं.

“मग दुभाष्यानं समजावलं त्यांना. दोन दिवस आले, तिसऱ्या दिवशी नाही आले. तिथंही टँकरनंच येतं ना पाणी. मॅम, एकदम आपल्यासारखं!”

सभागृह हसलं. अरफाही हसली. त्या काकांनाही पदनाम नव्हतं.

मग तो फोटो आला. नवी कोरी भिंत, मधोमध कोनशिला, आणि तिच्याखाली भिंतीला पाठ टेकून बसलेली एकोणीस मुलं. फोटोखालची ओळ अरफानंच लिहिली : ‘आता यांना टेकायला हक्काची भिंत आहे.’ दोन दिवसांत तो फोटो शहरातल्या यच्चयावत ग्रुपांवर फिरला. महाविद्यालयानं त्याची दिनदर्शिका छापली. मूल्यांकन समितीनं वीस गुण दिले आणि ‘हृदयस्पर्शी’ असा शेरा दिला, ज्याला वेगळे गुण नव्हते.

रय्यानच्या केसांत रेती सापडायला लागली ती मार्चमध्ये.

पहिल्या दिवशी तन्वीरनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तळहात बघितला. “क्या रे मियाँ, सर में रेती कायकू? कंपनीत मी जातो का तू?”

अरफानं रय्यानला रागावून केस धुतले. धुवायला पाणी नव्हतं तेव्हा फणीनं विंचरले. तिची सासू शकीला म्हणाली की मुलगा मातीत लोळतोय हे तब्येतीचं लक्षण आहे, आणि वरून तेल चोपडलं, त्यामुळं दुसऱ्या दिवशी रेती जास्त चिकटून आली. अरफानं बालवाडीत चौकशी केली. अंगणात रेतीचा ढीग नव्हता. मग तिनं अंगणालगतचं जुनं वाळवंटासारखं मैदान बघितलं, पोरांची खेळणी बघितली, शेजारच्या पोराला दरडावलं. पोरांचं म्हणणं एकच : “आम्ही तर खाली बसून गाणी म्हणतो.”

नवव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की रेती पुढच्या केसांत कधीच नसते. असते ती मागं, टाळूच्या खाली, आणि शर्टाच्या पाठीवर.

ती तशीच निघाली. पोरं घरी गेली होती, भागूबाई झाडत होती. भिंतीशी तिनं झाडून आणलेली रेती सूपभर होती. भिंतीवर, जमिनीपासून हात-दीड हातावर, एका ओळीत पंधरा खोलगट गोल पडले होते. पंधरा डोकी टेकून टेकून विटांमधला सांधा तेवढ्या जागी झिजून आत गेला होता.  भागूबाईनं अंगठ्याचं नख एका सांध्यात घातलं आणि खाली ओढलं. सिमेंट, मिठाची पुडी फुटावी तसं, सरसर सांडलं.

“तिसरा गोल तुमच्या रय्यानचा,” ती म्हणाली.

“मावशी, तुम्ही मला परत का नाही सांगितलं?”

“सांगून बगितलं की एकदा. पुन्यांदा सांगाया म्या काय एम.ए. हाय व्हय?”

त्या दिवसापासून भागूबाईनं पोरं लिंबाखाली बसवली. अरफानं महाविद्यालयाकडं रीतसर अर्ज केला : सरावाच्या भिंती धोकादायक झाल्या आहेत, ताबडतोब उतरवाव्यात. रीतसर उत्तर आलं : ‘सदर भिंती सरावासाठी असल्याने “बांधकाम” या संज्ञेत बसत नाहीत. जे बांधलेच नाही ते कमकुवत असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तरी आपण निश्चिंत असावे.’ अरफा निश्चिंत राहण्याचा प्रयत्न करत होती, तेवढ्यात लिंबाखाली ऊन यायला लागलं आणि दोन पोरं सावलीसाठी पुन्हा त्या खोलीत जाऊन बसली. एक रय्यान होता.

रविवारी तन्वीरनं चार शेजाऱ्यांना घेऊन पत्रे काढले. राजनंदिनी पाचोडहून सकाळच्या एसटीनं आली. तिनं भिंतीला ओळंबा लावला, बघितला, आणि गुंडाळून पिशवीत टाकला.

“मॅम, घण लागणारच नाही.”

“मग?”

“हात लावा.”

भागूबाई, राजनंदिनी आणि अरफा अशा तिघी ओळीनं उभ्या राहिल्या. अरफानं दोन्ही तळवे तिसऱ्या गोलावर ठेवले. “मी म्हनंन तवा,” भागूबाई म्हणाली. पण तिनं म्हणायच्या आधीच भिंत गेली. आवाजही फारसा झाला नाही. पोतं रिकामं केल्यासारखी ती पलीकडं सांडली, आणि विटा एकमेकींपासून इतक्या स्वच्छ सुट्या झाल्या की गावानं त्या संध्याकाळपर्यंत दुसरीकडं वापरायला नेल्या. अरफाचे हात मात्र तसेच पुढं राहिले. त्या बळानं तर रय्यान रोज दार ढकलतो.

आठ दिवसांत महाविद्यालयाची कारणे दाखवा नोटीस आली. महाविद्यालयाच्या मालकीचं ‘पक्कं बांधकाम’ विनापरवाना पाडल्याबद्दल. (बांधकाम या संज्ञेत बसायला भिंतीला पडावं लागतं, हा शोध यातून लागला.) अरफा नोटीस घेऊन प्राचार्यांकडं गेली, पण नोटिशीबद्दल बोलायला नाही.

“सर, तिकडची भिंत. तीच मुलं, तीच मार्गदर्शिका. तिथं एकोणीस मुलं बसतात.”

“मॅडम, तिकडचं हवामान वेगळं. सिमेंट इंपोर्टेड.”

“सर, तिथं राहणाऱ्यांना ते तिथलंच आहे. आणि पाणी नाहीच मारलं.”

“हे बघा, तुम्ही उगाच टेन्शन घेता. वीस गुण जमा झालेत. आता ती भिंत पडली तरी गुण काही पडत नाहीत.”

हे खरं होतं, त्यामुळं चर्चा संपली. पुढच्या सत्रात काटकसरीच्या धोरणानुसार अरफाचे तास निघाले नाहीत. मार्गदर्शिका मात्र चालली. अकरा महाविद्यालयांनी ती ‘आदर्श’ म्हणून मागवली, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत असं म्हटलं आहे : ‘ऐच्छिक पायऱ्या कोणीच निवडत नसल्याचे अनुभवास आल्याने त्या वगळल्या आहेत. आता पायऱ्या नऊच.’

दौरा आखून देणाऱ्या तिकडच्या संस्थेला अरफानं पाच ईमेल पाठवले. पहिल्याला आपोआप आभार आले. दुसऱ्याला ‘आपला अनुभव कसा होता, पाचपैकी तारे द्या’ असं आलं. तिसऱ्याला पुढच्या हिवाळ्याच्या तारखा आल्या, आधी येणाऱ्या गटाला प्राधान्य. चौथ्याला आणि पाचव्याला काही आलं नाही. श्रेयाला तिनं फोन केला. पूर्ण ऐकून झाल्यावर ती मुलगी खरोखर रडली, बराच वेळ, मुलाखतीत रडली होती त्यापेक्षा वेगळं. पण तिच्याकडंही तिथला एकही नंबर नव्हता. त्या बादलीवाल्या काकांचं नावसुद्धा नव्हतं.

म्हणून अरफाची तुम्हाला एक विनंती आहे.

तो फोटो तुमच्याकडं आहे. नाही म्हणू नका. जानेवारीत तो तुमच्या फोनात आला, तुम्ही त्याखाली दोन हात जोडलेत आणि आणखी तिघांना पाठवलात. तो शोधा. दिनदर्शिकेतला नको, त्यात भिंत स्वच्छ करून छापली आहे. तुमच्याकडचा मूळचा आहे. दोन बोटांनी मोठा करा. डावीकडून चौथी, हिरवा स्वेटर घातलेली, भिंतीला अगदी चिकटून बसलेली मुलगी. पाचेक वर्षांची असेल. तिचं नाव अरफाला माहीत नाही, कारण नाव विचारणं ही पायरी अकरांतही नव्हती आणि नवांतही नाही. तिच्या स्वेटरच्या खांद्यावर बघा. तुम्हाला तेव्हा तो फोटोतला डाग वाटला असेल. ती रेती आहे.

तुमच्या ओळखीचं तिकडं कोणीतरी असेल. कोणाचा भाचा, कोणाचा जुना मित्र, कंपनीनं पाठवलेलं कोणी; नसेल तर त्यांच्या ओळखीचं असेल. तो फोटो तुम्ही तिघांना पाठवायला वेळ काढला होता, तसाच आणखी एकदा काढा. त्यांना म्हणावं, एकदा जाऊन बघा, ती मुलगी त्या भिंतीपासून उठली का. उठली नसेल तर उठवा.

सक्ती नाही. ही पायरीसुद्धा (ऐच्छिक) आहे.